जास्तीचे दोन पाटे

चिखलात गाडी मुद्दाम घालायची, फसवायची, मग ती काढायची आणि काढताना एकमेकांचे फोटो काढायचे, एवढ्यासाठी माणसं पुण्याहून, नागपूरहून डिझेल जाळत आमच्या सोनाळ्यापर्यंत येतात, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी खाटेवर बसून पोट धरून हसलो होतो. आमची अख्खी जवानी चिखल चुकवण्यात गेली बाप्पा, आणि हे हौसेनं येऊन त्यात लोळतात. आता पावसाळ्यात दर शनिवार-रविवारी माझ्या संत्र्याच्या बगीच्यामागच्या पांदणीत, शेताकडे जाणाऱ्या त्या गाडीवाटेत, कोणी ना कोणी रुतलेलं असतंच, आणि ट्रॅक्टर घेऊन मलाच जावं लागतं. शिव्या घालत जातो, पण जातो.

मागच्या श्रावणात अशीच पुण्याची दोन पोरं आली. गाडी नवी, चारही चाकांना जोर लागणारी, आणि खालून इतकी उचललेली की चढायला पायरी लागत होती. पांदणीत जुन्या बैलगाड्यांच्या खोल चाकोऱ्या आहेत. त्यात पुढचं एक चाक उतरलं, तिरक्या बाजूचं मागचं चाक हवेत लटकलं, आणि हवेतलं चाक भरभर फिरत राहिलं. मातीतलं चाक मात्र जागचं हलेना. मी ओढून काढली, घरी आणून चहा पाजला. चहा पिता पिता एकाचं लक्ष कडुनिंबाखालच्या माझ्या जुन्या जीपकडे गेलं. तिच्याभोवती फिरला, वाकून खालून पाहिलं आणि म्हणाला, "काका, हिला किती इंच चढवलंय?"

मी म्हटलं, हिला काही चढवलेलं नाही, हिचं काढलेलं आहे. त्याला वाटलं म्हातारा मजाक करतो. एक तर मी म्हातारा नाही, आणि मजाकही नव्हता. पण ते सांगायला बसलो असतो तर त्यांची संध्याकाळ गेली असती, म्हणून मी त्यांना रस्त्यापर्यंत सोडून आलो. त्या रात्री मात्र मला धड झोप आली नाही.

आमच्या भागात नवी गाडी घरी आली की दोन कामं होतात. एक, मारुतीपुढे नारळ. दुसरं, मिस्त्रीकडे जाऊन जास्तीचे पाटे. पाटे म्हणजे चाकाच्या वर आणि गाडीच्या खाली एकावर एक रचलेल्या त्या वाकलेल्या लोखंडी पट्ट्या. गाडीचा सगळा भार त्याच सोसतात. कारखान्यातून आलेले पाटे कमी आहेत, हे आमच्याकडे गाडी एक फर्लांग न चालवताच सगळ्यांना माहीत असतं. पाटे जास्त तर ताकद जास्त, गाडी उंच, आणि गाडी उंच तर मालकाची मान उंच. नारळ एखाद्या वेळी राहून जाईल, पाटे राहणार नाहीत.

गावाबाहेर संग्रामपूरच्या रस्त्याला टिनाचं एक शेड होतं, समोर बाभूळ, बाभळीखाली ऐरण. तिथं चाचा हे पाट्यांचं काम करायचे. चाचा म्हणजे माझे कोणी सख्खे नव्हेत, अख्खा गाव त्यांना चाचाच म्हणायचा. पाच वेळची नमाज आणि मधल्या वेळात घण, असा त्यांचा दिवस. दुसरे मिस्त्री गाडी आली की विचारतात, किती पाटे टाकू? चाचा विचारायचे, "काय वाह्यतो बे?" कांदे वाहणाऱ्याचे पाटे वेगळे, म्हशी वाहणाऱ्याचे वेगळे, वऱ्हाड वाहणाऱ्याचे वेगळे, असं त्यांचं ठाम मत. माणूस खोटं बोलला तर पाटेही खोटे बसतात, असंही ते म्हणायचे. तेव्हा मला ते नुसतं बोलणं वाटायचं.

त्यांची तपासायची रीतही निराळी. काम झालं की समोरच्या टपरीवरून एक काठोकाठ चहाचा ग्लास मागवायचा, तो गाडीच्या मागच्या फळीवर ठेवायचा आणि रस्त्याकडेला आडव्या टाकलेल्या लाकडाच्या ओंडक्यावरून मालकाला गाडी न्यायला सांगायचं. गाडी परत आली की ग्लासात जेवढा चहा उरला असेल तेवढा चाचा पिणार. अर्ध्याच्या वर उरला तर काम पास. कमी उरला तर तोंड वाकडं करून पुन्हा पाने हातात. ट्रकवाल्यांना ते चहा ठेवायला सांगत नसत, पण माझ्या जीपला हमखास सांगत. कारण माझ्या जीपमध्ये काच असायची.

काच म्हणजे बांगड्या. चाची बांगड्या विकायची. चाचांची बायको, पण गावोगावी तिची ओळख चाचांपेक्षा मोठी. सातपुड्याच्या पायथ्याची जी लहान लहान गावं आहेत, तिथं तेव्हा एसटी जात नव्हती, आणि श्रावण-भादव्यात तर रस्ताच जात नव्हता. आणि बायांना बांगड्या भरायच्या असतात नेमक्या श्रावण-भादव्यात. मी पंचविशीत होतो, मामानं टाकून दिलेली जीप माझ्याकडे आली होती, आणि दुसरा काही धंदा जमत नव्हता. चाचीला आठवड्यातून तीन दिवस पायथ्याला न्यायचं आणि आणायचं, हे काम तिनं मला दिलं. खरं सांगायचं तर तेव्हा माझ्यावर भरवसा टाकणारं घर तेवढं एकच होतं. घरचे मला बिनकामाचा म्हणायचे, आणि अगदीच चुकीचं म्हणत नव्हते.

चाचांनी माझी जीप चार दिवस ठेवून घेतली होती. मागच्या दोन्ही बाजूंचे दोन-दोन पाटे काढले. मी घाबरलो, म्हटलं, चाचा, गाडी बसेल, चिखलात पोट घासेल. ते म्हणाले, उंची पाहिजे तर वाक वाढव, पाटे वाढवू नको. उरलेल्या एकेका पाट्याला ऐरणीवर ठोकून त्यांनी जास्त वाक दिला. त्यांची टोकं घासून गोल केली, म्हणजे एक पाटा दुसऱ्यावरून सरकताना अडत नाही. मधे काळं ग्रीस भरलं. जीप उंच झाली आणि मऊही झाली. ग्लासात पाऊण चहा उरला त्या दिवशी. चाचा ऐरणीवर बसून तो हळूहळू प्याले.

चिखलात गाडी कशी न्यायची तेही त्यांनीच शिकवलं. आमची काळी माती म्हणजे काय चीज आहे ते पुण्याच्या पोरांना कळायला एक जन्म लागेल. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, माणसाचा पाय जाईल अशा. पाऊस पडला की तीच माती चाकाला चढते, चढत चढत मडगार्डपर्यंत जाते आणि चाकच फिरायचं थांबतं. चाचा शेजारी बसून सांगायचे: चाकातली हवा थोडी सोड. दुसरा गिअर टाक आणि बदलू नको. ब्रेकवर पाय ठेवू नको. गवत दिसेल तिकडे चाक ने. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, चारही चाकं जमिनीला लागली पाहिजेत. जे चाक जमीन सोडतं ते तुझं नाही. पाटे मऊ असले की गाडी वाकडीतिकडी होते, पण चाक खड्ड्यात उतरून मातीला धरून राहतं. हे सगळं मला पाठ झालं होतं. पाठ झालेलं डोक्यात शिरतंच असं नाही.

झालं काय, की मऊ पाट्यांची जीप डुलते. सोनाळ्याच्या चौकात जीप आणि पिकअपवाल्यांचा अड्डा होता. मी आलो की त्यांचं सुरू व्हायचं, पाळणा आला रे, पाळणा आला. बाळ कुठं आहे? बाळाला दूध पाजलं का? एकदा एकानं माझ्या बोनेटला खरोखरच लिंबू-मिरचीऐवजी खुळखुळा बांधून ठेवला. मी त्याची कॉलर धरली, लोकांनी सोडवलं. माझं डोकं तेव्हा लवकर तापायचं. आताही तापतं, फक्त आता गुडघे दुखतात म्हणून मी उठत नाही.

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात मी कोणाला न सांगता जीप घेऊन दूरच्या एका गावी गेलो आणि तिथल्या मिस्त्रीकडून मागे दोन्ही बाजूंना एकेक जाड पाटा टाकून घेतला. त्याचा काही दोष नाही. त्यानंसुद्धा विचारलं, काय वाहतोस, आणि मी म्हटलं, सिमेंट. जीप चार बोटं वर उचलली गेली. परत येताना मी रस्त्यात दोनदा उतरून तिला लांबून पाहिलं. काय सांगू, नवी नवरी आणल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाची चार डबे घेऊन उभी. त्या दिवसाचं काम मोठं होतं. पायथ्याच्या एका गावात एका घरच्या सुनेचं ओटभरण होतं, सातवा महिना लागला होता. आधी दोनदा त्या पोरीचं पाचव्या महिन्याच्या आतच सगळं संपलं होतं. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा सासूनं बोलून ठेवलं होतं, की सातवा लागला तर गावातल्या एकूण एक सवाष्णीच्या हातात हिरव्या बांगड्या भरीन, आणि सगळ्यांच्या भरून झाल्यावरच सुनेच्या भरीन. चाचीनं तिला शब्द दिला होता, दिवेलागणीच्या आत सगळे हात हिरवे करून देते. अशा दिवशी फुटलेली काच त्या पोरीच्या नजरेला पडणं म्हणजे काय, ते मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

चाची गाडीत चढायला गेली तर पाय पोचेना. दगड ठेवून चढली. "आज उंच झाली का रे?" तिनं विचारलं. मी म्हटलं, टायर नवे टाकले चाची. डबे मागे वाळक्या तणसाच्या गादीवर नेहमीसारखे ठेवले, वर गोधडी टाकली, आणि आम्ही निघालो.

चौकातून मी गाडी पायी चालल्यासारखी हळू काढली. अड्ड्यावरचे सगळे बघत होते. पाळणा म्हणायची कोणाची हिंमत झाली नाही. एकानं तर मान डोलावली. चौक सुटल्यावर पहिलाच गतिरोधक लागला, जीप त्यावरून धाडकन आपटली, आणि चाचीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाली, थांब जरा, तो लहान डबा इकडे दे, वारा लागून राह्यला, मांडीवर काही असलं की बरं वाटते. मी डबा काढून दिला. तिनं तो मांडीवर घेतला, वरून पदर घेतला. मी पुन्हा निघालो.

पुढे दोन-अडीच किलोमीटर काळ्या मातीचा पट्टा. रात्री पाऊस पडून गेलेला. एरवी तिथं जीपचं पोट मधल्या उंचवट्याला घासायचं, त्या दिवशी घासलं नाही. मी जोरात होतो. शीळ घालत होतो, मला आठवतं. मग एका खोल चाकोरीत पुढचं चाक उतरलं आणि मागचं एक चाक उचललं गेलं. पाटे वाकायला तयार नाहीत, चाक मातीला पोचायला तयार नाही. नुसतं फिरतंय. चाचांनी सांगितलेलं सगळं विसरून मी ॲक्सिलरेटर दाबून धरला. गाडी उसळली आणि धप्पकन पुढे जाऊन पडली. मागून आवाज आला. मी मनाशी म्हटलं, पान्यांचा आवाज असेल.

चिखल संपला की नाल्यानं वाहून आणलेले गोटे लागतात, थेट गावापर्यंत. मऊ पाट्यांवर ते गोटे कधी कळलेच नव्हते. त्या दिवशी एकेक गोटा माकडहाडात शिरत होता. चाची एरवी रस्त्यानं बोलते, सुनांच्या चुगल्या सांगते, त्या दिवशी तिनं दोन्ही हातांनी मांडीवरचा डबा धरून ठेवला होता.

त्या घरी पोचलो तर अंगणात बाया जमलेल्या. ज्या पोरीचं ओटभरण, ती पाटावर बसलेली, हिरवं पातळ, आणि दर घटकेला आपल्याच पोटाकडे पाहणारी. सासूनं सडा घालून ठेवला होता. मी पहिला मोठा डबा उचलला आणि हातातच मला तो खळखळ आवाज आला. चाचीनंही ऐकला. तिनं झाकणाला हात लावला, चार बोटं उघडलं, आत पाहिलं आणि बंद केलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, आधी मला चहा पाजा बायांनो, हात थरथरतात, थरथरत्या हातानं बांगडी भरत नसतात. बाया हसल्या, चुलीकडे गेल्या. मला म्हणाली, डबे गाडीत ठेव, कोणाला दाखवू नको.

गाडीमागे जाऊन पाहिलं. तिन्ही मोठ्या डब्यांत अर्ध्याच्या वर चुरा. चाची मागून आली. मी म्हटलं, "रस्ता लय खराब झाला चाची, नाल्याजवळ गोटे आलेत." इतकं सराईत बोललो मी, की आजही ते वाक्य आठवलं की स्वतःच्या मुस्काटात द्यावीशी वाटते.

"हाव," ती म्हणाली, "रस्ता खराबच हाये. घरी आणखी माल हाये. तू जाऊन घेऊन ये. मी इकडे बायांले गुतवून ठेवतो."

ती अंगणात गेली. मी जीपकडे पाहत उभा राहिलो. ह्याच पाट्यांवर माल परत आणला तर तोही फुटणार, एवढी अक्कल आता आली होती. गुरांच्या गोठ्यामागे गाडी नेली, जॅक लावला, चौकटीखाली दगड रचले आणि चिखलात उताणा झालो. पाटे चाकाच्या दांड्याला इंग्रजी यू अक्षरासारख्या बोल्टांनी बांधलेले असतात, ते सोडले, मधला बोल्ट काढला, पाट्यांची थप्पी दोरीनं बांधून धरली आणि तो जाड पाटा ओढून काढला. मग दुसऱ्या बाजूचा. चाचांना हे काम करताना मी शंभर वेळा पाहिलं होतं, स्वतः कधी केलं नव्हतं. बोटं सोलली. एक म्हातारा गोठ्यात बसून बिडी ओढत बघत होता. त्यानं विचारलं, मोडली का? मी म्हटलं, नाही, दुरुस्त करून राह्यलो. दोन्ही पाटे मागे फेकले आणि निघालो, दुसऱ्या गिअरात, चाकांतली हवा सोडून. चिखलाच्या पट्ट्यात जीप डुलत डुलत, कुठंही न अडता निघाली. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, चौकातल्या लोकांचा नाही, माझा.

चाचांच्या शेडपुढे गाडी थांबवली तेव्हा दुपार कलली होती. फुटलेले डबे मागेच होते, त्यांच्यावर ते दोन पाटे. लपवायचं मला सुचलं नाही, किंवा लपवायचा कंटाळा आला होता. चाचांनी आधी डब्यांकडे पाहिलं, मग पाट्यांकडे, मग माझ्या चिखलानं भरलेल्या पाठीकडे. मी सांगायला तोंड उघडलं. त्यांनी हातानंच थांबवलं.

"पाटे कोनं काढले?"

"मी."

"मधला बोल्ट नीट कसला का?"

"हाव."

ते खाली वाकले, पाना लावला. एका बोल्टाला अर्धा फेरा दिला. मग टपरीवाल्याला हाक मारून काठोकाठ चहाचा ग्लास मागवला आणि मागच्या फळीवर ठेवला. मला म्हणाले, चालव. मी ओंडक्यावरून जीप नेली आणि आणली. ग्लासात अर्ध्याच्या वर चहा होता, फार नाही, थोडाच वर. चाचांनी तो उभ्या उभ्या पिऊन टाकला, शेडलगतच्या घरातून हिरव्या बांगड्यांचे डबे आणले, प्रत्येकात स्वतःच्या हातानं तणस दाबून भरलं. ते दोन पाटे उचलून शेडच्या मागे टाकले. जाताना एवढंच म्हणाले, "तिले सांगू नको. मीबी नाही सांगत. तिचा तुह्यावर लय भरवसा हाये."

मी पुन्हा त्या गावात पोचलो तेव्हा अंगणात हसणं चाललं होतं. चाचीनं बायांना काय काय गोष्टी सांगून ठेवल्या होत्या देव जाणे. सासू मात्र दारात उभी होती, रस्त्याकडे डोळे लावून. डबे उघडले. तीन डब्यांत मिळून एकच बांगडी फुटलेली, ती चाचीनं कोणाला न दिसता पदराच्या गाठीत टाकली. मग तिचे हात चालू झाले. बांगडी भरणं पाहायचं असेल तर चाचीचं पाहावं, मनगट दाबते कधी आणि बांगडी जाते कधी कळत नाही. एकेक बाई उठत होती, दुसरी बसत होती. सगळ्या झाल्यावर शेवटी ती पोर. तिच्या बांगड्या चाचीनं त्या लहान डब्यातून काढल्या, सकाळी मांडीवर घेतलेल्या. त्यातली एकही फुटली नव्हती. मला वाटलं, नशीब. पोर बांगड्या भरलेल्या हातांनी चाचीच्या पाया पडली, आणि सासूनं दिवा लावला.

पोरगी झाली तिला, कार्तिकात. आता ती पोरगी जळगाव जामोदला कॉलेजात जाते.

मी चाचीला पुढे कितीतरी वर्षं नेत-आणत राहिलो. चौकातले मला पाळणा म्हणत राहिले, पण माझी कॉलर धरायची सवय सुटली. नंतर तिकडे डांबरी रस्ता झाला, एसटी सुरू झाली, प्लॅस्टिकच्या बांगड्या आल्या, मी संत्र्याकडे वळलो. चाचा जाऊन सहा वर्षं होतील. शेडच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे. ऐरण कोणी नेली कोणास ठाऊक. घणाचा आवाज नसलेली सोनाळ्याची सकाळ मला अजून अर्धवट वाटते.

तर पुण्याची ती पोरं गेली, मला झोप लागली नाही, आणि सकाळी उठून मी जीप काढली. चाची आता लेकाकडे असते, गुडघ्यानं अधू, पण कान आणि तोंड शाबूत. ओट्यावर लसूण सोलत बसली होती. मी समोर बसलो. इकडचं तिकडचं बोललो, लेकाची नोकरी, संत्र्याची फळगळ. चाचांनी सांगू नको म्हटलं होतं, पण चाचा राहिले नव्हते, आणि खोटं मात्र माझ्याजवळ तसंच होतं. शेवटी म्हटलं, "चाची, ओटभरणाच्या त्या दिवशी टायर नवे नव्हते."

"हाव," ती लसणातून मान वर न करता म्हणाली. "पाटे टाकले होते."

मी विचारलं, चाचांनी सांगितलं का? तर म्हणाली, त्यांनी मरेपर्यंत नाव काढलं नाही, तिनंही काढलं नाही. पाटेवाल्याची बायको होती ती, गाडीत चढतानाच तिला कळलं होतं, आणि पहिल्या गतिरोधकाला खात्री झाली होती. मी म्हटलं, मग बोलली काऊन नाही? तिथंच उतरवलं असतं मला, दोन शिव्या दिल्या असत्या.

लसणाची पाकळी तिच्या बोटात तशीच राहिली. "तू चौकातून गाडी किती हळू काढली होती," ती म्हणाली. "सारे पाहून राह्यले होते. तुले इतका खुश मी कधी पाह्यला नव्हता बेटा. मले वाटलं, चौक जाऊ दे, मंग सांगीन. चौक गेला, तरी तू हसूनच राह्यला होता. म्हनून मी त्या पोरीचा डबा मांडीवर घेतला."

माझे डोळे भरून आले, आणि मला ते लपवता आले नाहीत. कसंबसं विचारलं, "आन् बाकीचे डबे?"

ती हसली. "मांडी तं एकच होती न बाप्पा."